किनाऱ्यावरचे काळे अस्वल

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणावरून)



अस्वल म्हटले की महाराष्ट्रातील माणसाला मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील मोहाच्या झाडाखाली फुले वेचणारे जनावर आठवते. नाही तर एके काळी गावोगाव फिरणारा दरवेशी आठवतो. समुद्रस्नानासाठी जमलेल्या स्त्रीपुरुषांमधून, खाऱ्या पाण्यातून पोहत येणारे अस्वल मात्र त्याच्या कल्पनेत सहसा बसत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेस्टिन या गावी जून २०२३ मध्ये नेमके हेच घडले. एक काळे अस्वल पोहत किनाऱ्याला लागले आणि वाळूवरील गर्दीतून निघून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ऑरलँडोजवळील डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन नगरीत एक अस्वल झाडावर चढून बसलेले आढळले. त्याला पकडून रानात सोडेपर्यंत त्या नगरीचा काही भाग बंद ठेवावा लागला.

दोन्ही घटनांचे वर्णन ‘अनपेक्षित’ असे करण्यात आले. परंतु हा शब्द अस्वलाला लागू पडतो की माणसाच्या विस्मरणाला, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

फ्लोरिडाचे काळे अस्वल हे त्या उष्ण, दमट व पाणथळ भूमीचे मूळ रहिवासी होय. त्याचे अन्न प्रामुख्याने वनस्पतिजन्य असते. ओकची फळे, सॉ पामेटो या खुज्या ताडवर्गीय झुडपाची फळे, ताडाचा कोवळा गाभा, मुंग्या व इतर कीटक यांवर त्याचा निर्वाह चालतो. हिवाळा सौम्य असल्यामुळे तेथील सर्वच अस्वले दीर्घ निद्रा घेत नाहीत. गर्भवती माद्या मात्र पिलांच्या जन्मासाठी बिळाचा आश्रय घेतात. अस्वल पोहण्यात तरबेज असते. डेस्टिनच्या मागे, खाडीपलीकडे, एग्लिन येथील हवाई दलाच्या ताब्यातील विस्तीर्ण पाइन अरण्यात अस्वलांची जुनी वस्ती आहे. उन्हाळ्याच्या आरंभी दीड-दोन वर्षांची पिले आईपासून वेगळी होतात आणि तरुण नर स्वतःचे क्षेत्र शोधत दूरवर भटकतात. किनाऱ्यावर अस्वल का येते, याचे उत्तर या साध्या गोष्टींत आहे. ते वाट चुकलेले नसते. त्याच्या वाटेवर आता माणूस उभा असतो.

१९५० साली फ्लोरिडाची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७१ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती २ कोटी १५ लाखांवर गेली. जंगले तुटली, दलदली आटवल्या गेल्या, राजमार्ग झाले. एकेकाळी ११,००० च्या आसपास असावीत असा अंदाज असलेली अस्वले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही शेकड्यांवर आली. १९७४ मध्ये राज्याने त्यांचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांत केला आणि १९९४ मध्ये शिकार पूर्णपणे बंद केली. त्याची फळे दिसून आली. २०१४-१५ च्या गणनेत सुमारे ४,००० अस्वले असल्याचे आढळले. संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून तर त्यांचे नाव २०१२ मध्येच वगळण्यात आले होते. म्हणजे एका बाजूने प्राणी वाढला आणि दुसऱ्या बाजूने वस्ती वाढली. दोघांची गाठ पडली ती घरामागच्या कचऱ्याच्या पिंपापाशी.

अस्वलाचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. रानात दिवसभर फिरून जे पोषण मिळते, ते एका उघड्या पिंपात काही मिनिटांत मिळते, हे त्याच्या ध्यानात आले म्हणजे ते पुनः पुनः येते, आणि आई पिलांनाही तीच वाट दाखवते. हळूहळू त्याची माणसाविषयीची भीती नाहीशी होते. अशा अस्वलास दूरच्या रानात नेऊन सोडले, तरी ते पुष्कळदा परत येते किंवा दुसऱ्या गावातील पिंपे शोधते. शेवटी त्याला गोळी घालण्यावाचून उपाय उरत नाही.

सेमिनोल काउंटीत एप्रिल २०१४ मध्ये असेच घडले. घराजवळ कचरा हुसकणाऱ्या अस्वलांपैकी एकाने एका महिलेवर हल्ला करून तिला गंभीर जखमी केले. त्यानंतर परिसरातील अनेक अस्वले ठार करण्यात आली. मात्र या काउंटीच्या स्थानिक प्रशासनाने तेवढ्यावर न थांबता नियम केला. अस्वलांचा वावर असलेल्या भागात कचरा अस्वलाला उघडता न येणाऱ्या पिंपात ठेवावा, अन्यथा बंदिस्त जागी ठेवून उचलण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढावा, असे बंधन घालण्यात आले. अस्वलांना मुद्दाम खाऊ घालणे तर राज्याच्या कायद्यानेच निषिद्ध आहे.

रस्त्यांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. फ्लोरिडात दर वर्षी दोनशेहून अधिक अस्वले वाहनांखाली मरतात. यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये राज्यमार्ग ४६ खाली वन्य प्राण्यांसाठी भुयारी मार्ग काढण्यात आला. २०२१ मध्ये जंगलांचे तुकडे सलग जोडण्यासाठी वन्यजीव संचारमार्गाचा कायदा झाला. मतभेद मात्र मिटलेले नाहीत. २०१५ मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोनच दिवसांत तीनशेच्या आसपास अस्वले मारली गेली आणि ती थांबवावी लागली. मे २०२५ मध्ये अस्वलाच्या हल्ल्यात माणूस मृत्यू पावल्याची त्या राज्यातील पहिली नोंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात मर्यादित परवान्यांनिशी शिकारीस पुन्हा अनुमती देण्यात आली. शिकारीने संख्या कमी होईलही. उघडे पिंप मात्र तसेच राहिले, तर उरलेले अस्वल त्याच दाराशी येईल.

दूरदेशीची ही हकीकत आपल्याला परकी नाही. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम हा नारळ व काजूच्या बागांचा किनारी पट्टा आहे. तेथेही अस्वले बागांत येतात आणि माणसांचे बळी गेले आहेत. आपल्याकडील अस्वल वेगळ्या जातीचे असून, अचानक समोर माणूस आला तर ते अधिक त्वेषाने अंगावर येते. म्हणून विदर्भात मोहाच्या हंगामात पहाटे एकट्याने रानात न जाणे, बोलत-चालत समूहाने जाणे, ही सावधगिरी आवश्यक ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पूर्ण संरक्षण दिलेले आहे. परंतु कायद्याचे रक्षण गावाच्या वेशीवर व्हायचे असेल, तर ते गावानेच केले पाहिजे.

उकिरडा कोठे असावा, वेशीवरचा दिवा लागतो की नाही, मेलेले जनावर कोठे टाकावे, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. ग्रामसभेत त्यांवर फारशी चर्चा होत नाही. पण वन्य प्राणी गावाची पारख नेमकी याच गोष्टींवरून करतो. शिक्षकांनी मुलांना अस्वलाच्या सवयी सांगाव्यात, पंचायतीने कचऱ्याची शिस्त लावावी आणि प्राणी दिसताच गर्दी करून त्याला कोंडीत न पकडता वनखात्याला कळवावे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. रानातून आलेल्या पाहुण्याला परतीची वाट मोकळी ठेवणे, यातच त्याचे आणि आपले दोघांचेही हित आहे.