आधी कागद, मग टोकन



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे डोंबिवलीत मनःपूर्वक स्वागत करते. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात याच गावातून झाली. फेब्रुवारी 2017 मध्ये 90 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. गिरगाव-परळच्या चाळींत संसार मावेनासे झाले, तेव्हा असंख्य मराठी कुटुंबांनी आपले पहिले हक्काचे घर इथे घेतले. म्हणूनच घरखरेदीतील कायदा आणि खर्च या विषयावरची परिषद इथे भरते आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पण आज केवळ अभिमानाचे बोलून चालणार नाही. आमच्याच महापालिकेच्या हद्दीत 65 इमारतींसाठी बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या आणि त्या दाखवून महारेराची नोंदणीही मिळवली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्यांत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, करारनामे केले होते, अनेकांनी बँकेचे कर्ज काढले होते. महारेराचा क्रमांक बघून निश्चिंत झालेली ही तुमच्या-आमच्यासारखीच माणसे. त्यांच्या वाट्याला आलेली चिंता पुढच्या एकाही कुटुंबाला येऊ नये, ही या परिषदेमागची तळमळ आहे.

यासाठी माझे सांगणे एकच आहे: आधी कागद, मग टोकन. आपल्याकडे नेमके उलटे होते. सॅम्पल फ्लॅट आवडतो, 'आज बुक केलेत तर हा भाव' असे ऐकवले जाते, चेक फाटतो आणि वकिलाकडे माणूस नंतर येतो. तोवर बोलणी करण्याची त्याची ताकद संपलेली असते.

कागद पाहायचा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात घ्या. त्यावरचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सातबाऱ्याशी किंवा मालमत्ता पत्रकाशी जुळतो का, ते पाहा. परवानगी कुठवर आहे, तेही वाचा. ती जोत्यापर्यंतच असेल, तर सातव्या मजल्यावरचा तुमचा फ्लॅट अजून परवानगीत बसलेला नाही. मग त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हे पत्र त्यांच्याकडूनच निघाले आहे का, याची खात्री करा. गरज लागलीच तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तयार घर असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. त्यात आपली विंग आणि आपला मजला आहे का, तेही तपासा. जुन्या घरासाठी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, मालकीच्या साखळीतले सगळे करारनामे, सूची क्रमांक दोन, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र पाहिजेच. हे सारे आपण नेमलेल्या वकिलाकडून करून घ्या. बिल्डरचा वकील बिल्डरचे हित पाहतो आणि बँकेचा बँकेचे.

आता खर्च. घराची किंमत 60 लाख धरू. कर्ज 80 टक्के मिळाले, तर 48 लाख बँकेचे आणि 12 लाख आपले. बहुतेक कुटुंबांचा हिशेब इथेच थांबतो. ठाणे-पुण्यासारख्या शहरांतला 7 टक्के मुद्रांक शुल्काचा दर धरला, तर त्याचेच 4 लाख 20 हजार होतात. नोंदणी फी 30 हजार. हे साडेचार लाख कर्जात सहसा धरले जात नाहीत आणि करारनामा नोंदवतानाच भरावे लागतात. म्हणजे 12 ऐवजी साडेसोळा लाखांची तयारी हवी. बांधकाम चालू असेल, तर या किमतीच्या घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 3 लाख. वकिलाची फी आणि सोसायटीच्या ठेवी वेगळ्याच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आपल्या उदाहरणात हे 60 हजार रुपये झाले. घरात लक्ष्मी येते म्हणतो, तर घरही तिच्या नावावर होऊ द्या. शिवाय 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशांतून 1 टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. हा वाढीव खर्च नाही, पण विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी येतो.

कायद्याने आपल्या हाती बळही दिले आहे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. ताबा रखडला, तर व्याजासह पैसे परत मागता येतात.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जुना फ्लॅट घेणारा माणूस पहिल्यांदा तुमच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढतो. भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि अभिहस्तांतरणाचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा आणि विक्रेत्याच्या संमतीने त्याला दाखवा. बिल्डरने जमीन अजून संस्थेच्या नावे केली नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे दाखल करा. पायाखालची जमीन आपल्या नावावर नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी घोडे तिथेच अडते.

आणि शासनाला आमची मागणी अशी: महापालिकेची प्रत्येक बांधकाम परवानगी सामान्य माणसाला मोबाइलवर, मराठीत आणि विनाशुल्क पडताळता आली पाहिजे. तसा ठराव या परिषदेने करावा, असे मी सुचवते.

उद्या सकाळी दहा वाजल्यापासून सभागृहाच्या तळमजल्यावर आमचे वकील आपले कागद तपासून देतील. फी नाही. घर ठरवत असाल, तर कागदांच्या झेरॉक्स घेऊन या, आणि तोपर्यंत कोणालाही चेक देऊ नका.