सालेम सापडला, पण…

फरारी आरोपी सापडला की काम फत्ते झाले, असा सर्वसाधारण समज असतो. अबू सालेमचे प्रकरण या दृष्टीने मननीय आहे.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. गुजरातेतून शस्त्रे आणून मुंबईत पोहोचविणारा सालेम देशाबाहेर निसटला. सप्टेंबर २००२मध्ये तो लिस्बनमध्ये पकडला गेला. भारतात मात्र आला नोव्हेंबर २००५मध्ये! तेव्हा पोर्तुगालशी प्रत्यार्पण करारच नव्हता. तिथल्या कायद्यात फाशी नाही, जन्मठेपही नाही. कमाल शिक्षा २५ वर्षे. म्हणून डिसेंबर २००२मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी हमी दिली : फाशी नाही, २५ वर्षांहून अधिक कैद नाही. पर्याय तरी कोणता होता? पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटून त्याने पुन्हा नवे नाव, नवे पारपत्र घ्यायचे?

२०१७मध्ये टाडा न्यायालयाने याच खटल्यात दोघांना फाशी सुनावली, सालेमला जन्मठेप. पुढे ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती २५ वर्षे १२ ऑक्टोबर २००५पासून मोजली आणि ती पूर्ण होताच सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला देण्यास केंद्राला बजावले. राष्ट्राचा शब्द पाळला गेला. सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार येथे आप्तस्वकीय गमावलेल्यांना हा हिशेब कसा पटवायचा?