वाडीत मोजायचे तास

आरोग्य व्यवसायांची पदवी ही डॉक्टर होण्याची पदवी नव्हे. रुग्णाची तपासणी, उपचार आणि पुनर्वसन, म्हणजे आजारानंतर वा अपघातानंतर माणसाला त्याच्या नेहमीच्या कामापर्यंत परत नेणे, ज्यांच्या हातून घडते त्या भौतिकोपचार, व्यवसायोपचार, प्रयोगशाळा तंत्र, क्ष-किरण तंत्र, नेत्रपरीक्षण, आहारशास्त्र आदी शाखांचे ते शिक्षण आहे. परिचर्या याच कुळातली असली तरी तिचा कायदा वेगळा आहे.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने या शाखांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आणि पात्रता वर्षांबरोबर तासांतही मोजली: तंत्रज्ञ वर्गासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तास, तर सल्ला व उपचार देणाऱ्या वर्गासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास. हे मोजमाप योग्यच आहे, कारण हाताचे कौशल्य पाठांतराने येत नाही. मात्र या व्याख्येत तास आहेत, ते कोठे घालवावेत हे नाही, आणि अलिबाग तालुक्यातल्या नागावात या शिक्षणावर भरलेल्या परिषदेने विचार करावा तो याच उणिवेचा.

हे शिक्षण रुग्णालयाच्या आवारात वाढले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले, आणि पुढे तेथेच भौतिकोपचाराचे विद्यालयही उभे राहिले. व्यवसायोपचार म्हणजे नोकरी मिळवून देणे असा गैरसमज अजूनही भेटतो. वस्तुतः अंघोळ, जेवण, कपडे घालणे, पोटापाण्याचे काम अशा रोजच्या क्रिया रुग्णाला पुन्हा करता याव्यात म्हणून त्याचे शरीर, त्याची साधने आणि त्याचे घर या तिन्हींत बदल घडवणारी ती विद्या आहे.

नागावच्या वाड्यांत नारळ-सुपारी उतरवणारा गडी झाडावरून पडून त्याच्या मणक्याला इजा झाली, तर रुग्णालयातील सपाट फरशीवर चाकाची खुर्ची सहज फिरते, पण घरी परतल्यावर तिला ओटीच्या पायऱ्या, उंबरठा, वाडीतली ओलसर वाळू, विहिरीचा कठडा आणि उकिडवे बसण्याचे शौचालय एकापाठोपाठ एक अडवतात. शिवाय पुन्हा झाडावर चढता येणार नसेल तर त्याच वाडीत बसून करता येण्याजोगे काम कोणते, हा प्रश्न उरतोच. हे सारे वॉर्डात दिसत नाही, आणि जे विद्यार्थ्याला दिसले नाही त्यावर तो तोडगा सुचवील अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

घरचा प्रश्न विद्यापीठात नेण्याची परंपरा या तालुक्याला अगदीच परकी नाही. टपाल खात्यातील नोकरीनिमित्त काही काळ अलिबागला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेताना प्रबंधासाठी हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता.

आज परिस्थिती पुष्कळ अनुकूल आहे: १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यभरच्या संलग्न महाविद्यालयांना एका सूत्रात बांधते, नागावच्याच जिल्ह्यात कामोठ्याला अभिमत विद्यापीठ आहे, आणि अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. भौतिकोपचाराच्या पदवीत महाराष्ट्रात दीर्घकाळ शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करण्याचे, असत. आंतरवासितेतला निदान एक महिना किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून, रुग्णांच्या घरी जाऊन करावा, अशी या परिषदेची मागणी असावी.

अडचण देखरेखीची आहे. अनुभवी शिक्षकाविना घरोघरी धाडलेला विद्यार्थी हा फुकटचा मनुष्यबळ-पुरवठा ठरतो, आणि त्याचे तास कागदावर तेवढे भरतात. म्हणून ही मागणी करताना केंद्राच्या ठिकाणी राहणाऱ्या, तेथल्याच वेतनावरच्या भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद आधी मागावे लागेल, आणि विद्यार्थ्याची नोंदवही तपासून तिच्यावर सही करण्याचा अधिकारही त्याच्याकडेच द्यावा लागेल.