कोठडीतला साक्षीदार



आजच्या मंगल दिवशी कोठडीतल्या मृत्यूचा विषय कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण हा विषय आपल्या आंबोली घाटापर्यंत येऊन पोचलेला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली पोलिसांनी अनिकेत कोथळे आणि त्याचा मित्र, अशा दोघांना लुटमारीच्या गुन्ह्यात पकडलं. दोघेही पळून गेले, असं पोलिसांनी सांगितलं. तपासात निघालं भलतंच. अनिकेतचा मृत्यू कोठडीतल्या मारहाणीत झाला आणि प्रेत आंबोलीला आणून जाळलं गेलं, असं उघड झालं. उपनिरीक्षकासह काही पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला.

आता बघा, अशी मारहाण पाहणार कोण? एक तर मारणारे, नाहीतर बरोबर पकडलेला सोबती. कोठडीतला साक्षीदार बहुधा असाच असतो. स्वतः आरोपी, परिस्थितीने गरीब, आणि सुटल्यावर त्याच पोलिसांच्या हद्दीत राहणारा. तो फिरला की खटला बसला!

दुसरं उदाहरण आपल्या काळजाजवळचं आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. तरी गुन्हा नोंदवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश व्हायला ४ जुलै २०२५ उजाडला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण तिथे त्याचं चाललं नाही. आई मागे हटली नाही, म्हणून एवढं तरी झालं.

कायदे नाहीत असं नाही. अटकेतल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, वकील द्या, हे संविधानाचं २२ वं कलम सांगतं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांना खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्हीचा आदेश झाला. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी व्हायलाच हवी.

साक्षीदारांसाठीही २०१८ ची संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा. पण मेख इथेच आहे. धोका किती, याचा अहवाल पोलीसच देतात! तक्रार पोलिसांविरुद्ध आणि अहवालही पोलिसांचाच. म्हणून अर्जातच लिहून मागावं, की हा अहवाल संबंधित ठाण्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडून घ्यावा.

आपल्याकडे लगेच म्हणतात, "आपणाक काय करूचा आसा?" करण्यासारखं पुष्कळ आहे. अटक झाली की त्याच रात्री वकील गाठा. तारीख, वेळ, कोणी नेलं, हे वहीत लिहा. अंगावरच्या जखमा दंडाधिकाऱ्यांना दाखवायला सांगा. साक्षीदाराला "पैसे घे नि गप बस" असं सांगणारा आपल्या वाडीतला नसावा. ओरोसच्या कोर्टात त्याची तारीख असेल तेव्हा त्याच्या मागच्या बाकावर आपली चार माणसं बसलेली असावीत. समितीचं संरक्षण मिळेल तेव्हा मिळेल, हे आपण आजपासून देऊ शकतो.

जयभीम!