धंदेशिक्षणाची शाळा की नेहमीचे हायस्कूल?

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



मला दिलेला विषय केवळ भाषणापुरता नाही. पंचवीस वर्षे या ट्रस्टने मुलांच्या फिया भरल्या, वह्या-पुस्तके वाटली. आता थोडा निधी साठला आहे. त्यातून धंदेशिक्षणाची वेगळी शाळा काढावी, की नेहमीच्या हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, असा प्रश्न पडला आहे. दोन्ही बाजूंनी कळकळीने बोलले जाते. निर्णय विश्वस्तांचा, मी वर्गात जे पाहिले आणि वाचनात जे आले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे ताप्ती व्हॅली रेल्वेच्या वाटेने सुरतेस आली. कोणी जळगावचे, कोणी अमळनेरचे, कोणी दोंडाईचाचे. माझे वडील नंदुरबारचे पिंजारी. कापूस मुठीत धरला की तो कसा आहे, किती ओलसर आहे, हे ते सांगत. पण व्यापाऱ्याची चिठ्ठी वाचून घ्यायला त्यांना दुसऱ्याकडे जावे लागे. त्यांनी मला त्या धंद्याला हात लावू दिला नाही. "तू शाळेत जा," एवढेच म्हणत. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो. पण त्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

आधी नेहमीच्या हायस्कुलाविषयी बोलतो, कारण मी त्याचेच मीठ खातो. माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीला गणितात नापास झाला आणि पुढच्याच आठवड्यात मागाच्या खात्यात कामाला लागला. दोन वर्षांनी तो ईदच्या दिवशी घरी आला. शिरखुर्मा घेऊन झाल्यावर खिशातून एक कागद काढला आणि म्हणाला, "सर, माग मिनिटाला दीडशे पीक टाकतो आणि एका इंचात साठ पीक बसतात. मग बारा तासांच्या पाळीत कापड किती निघायला हवे? मजुरी मीटरवर मिळते, आणि मला हिशेब मांडता येत नाही." मिनिटाला अडीच इंच, तासाला दीडशे इंच, बारा तासांत अठराशे इंच, माग अखंड चालला तर सुमारे ४६ मीटर. हे साधे त्रैराशिक मी त्याला तीन वर्षे शिकवले होते. ते कशासाठी, हे मात्र एकदाही सांगितले नव्हते. तो नापास झाला असे गुणपत्रिका सांगते. त्या दिवशी मला वाटले, निम्मा मी नापास झालो.

आता दुसरी बाजू. आमच्याच गल्लीतला एक मुलगा अभ्यासात कच्चा म्हणून आठवीनंतर एका कामाच्या वर्गाला घातला गेला. हात चांगला निघाला, कमाईही सुरू झाली. विसाव्या वर्षी त्याला वाटले, डिप्लोमा करावा, सुपरवायझर व्हावे. तेव्हा कळले, आधी दहावी पाहिजे. दिवसभर काम करून रात्री तो पुस्तक घेऊन बसू लागला. पण सहा वर्षांत वाचनाची सवयच मोडली होती. शेवटी त्याने नाद सोडला. पहिल्याला हायस्कुलाने कामाचा मार्ग दाखवला नाही. दुसऱ्याला कामाने परतीचा मार्ग ठेवला नाही. दोघेही आपलेच.

हा वाद नवा नाही. १८८२ च्या हंटर कमिशनने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात असे सुचविले होते : एक विश्वविद्यालयाकडे जाणारी, दुसरी व्यापारधंद्याकडे. त्याच कमिशनपुढे महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचेही ज्ञान द्यावे, अशी मागणी केली. बडोद्यास १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे आपल्या सुरतेचे, सुतारांच्या घराण्यातले, आणि रसायनशास्त्राचे पंडित. कापड रंगविण्याची विद्या त्यांनी शास्त्र म्हणून शिकविली, आणि शास्त्र देशी भाषांत यावे असा आग्रह धरला. चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. ज्याच्या घरात रंधा चालत होता, त्याने प्रयोगशाळाही चालविली, ही गोष्ट सुरतकरांनी विसरू नये.

१९३७ साली वर्ध्यास गांधीजींच्या पुढाकाराने परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमची योजना आखली. हस्तोद्योगाच्या आधारे सर्व विषय शिकवावेत, हा तिचा गाभा. विचार थोर होता. पण शहरातील सुशिक्षितांनी आपली मुले जुन्याच शाळांत ठेवली, आणि सूतकताई गोरगरिबांच्या वाट्याला, असा समज पसरला. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार कमिशनने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. शास्त्र, तंत्र, व्यापार, शेती, कला, गृहविज्ञान आणि मानव्यविद्या अशा सात शाखा त्यांत होत्या. पण कार्यशाळा खर्चाची, शिकविणारा माणूस मिळेना, आणि पालकांचे डोळे कॉलेजाकडे. पुष्कळ ठिकाणी यंत्रे धूळ खात पडली. म्हणजे नुसती इमारत बांधून आणि पाटी लावून धंदेशिक्षण होत नाही.

याउलट कर्मवीर भाऊराव पाटलांकडे पाहा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात हिंदू, मुसलमान, दलित मुले एकत्र राबत आणि एका पंक्तीत जेवत. पण खोऱ्याने माती ओढणाऱ्या मुलाला भाऊरावांनी खोऱ्यापाशी थांबविले नाही. १९४० साली साताऱ्यात त्यांनी मोफत हायस्कूल उघडले. तेथे श्रम मुलाला पुस्तकापर्यंत पोहोचवीत असत.

परदेशातही हाच प्रश्न आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली कायदा करून चार्टर शाळांना प्रथम परवानगी दिली. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशाने चालणारी, कारभारात मोकळीक असलेली, पण करारातले काम न झाल्यास बंद होऊ शकणारी शाळा. त्यांतल्या काही शाळा आरोग्यसेवा, बांधकाम, यंत्रविद्या असा एकेक व्यवसाय मध्ये ठेवून शिकवितात. तेथेच १९६९ साली फिलाडेल्फियापासून 'करिअर अकॅडमी' म्हणून आणखी एक प्रयोग सुरू झाला : मोठ्या हायस्कुलाच्या पोटातच एक छोटी शाळा, तीत नेहमीचे विषय, एका धंद्याचे विषय आणि गावातल्या कारखानदारांकडे उमेदवारी. नऊ हायस्कुलांतील अशा प्रयोगाची कसोटी चिठ्ठ्या टाकून मुले निवडून घेतली गेली, आणि शाळा सुटल्यावर आठ वर्षे त्यांचा माग ठेवला गेला. या मुलांची वार्षिक कमाई इतरांपेक्षा सरासरीने सुमारे ११ टक्के अधिक निघाली. आणि पुढे शिकण्यात ती मागे पडली नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या, कारण त्यांच्या हाती हायस्कुलाचेच प्रमाणपत्र होते.

यातून मला जे कळले ते साध्या शब्दांत सांगतो. शाळेचे नाव काय, यापेक्षा तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाला किती दारे उघडी आहेत, हे पाहावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर 'हाताचा' किंवा 'डोक्याचा' असा शिक्का मारण्याचा अधिकार कोणाला नाही; मास्तराला तर मुळीच नाही. आमची चूक होते, आणि तिची किंमत मूल भरते.

म्हणून ट्रस्टला माझी विनंती अशी. वेगळी शाळा काढू नये. एक चांगली कार्यशाळा काढावी. महाराष्ट्रात टेक्निकल हायस्कुलांची एक रीत आहे : आसपासच्या शाळांतली मुले ठराविक तासांना तेथे येऊन काम शिकतात, आणि आपापल्या शाळेतूनच दहावीला बसतात. तेच येथे करावे. मागाची दुरुस्ती, वीजकाम, शिवण, रंगाचे रसायन, हिशेब. आणि शिकविणारा, खात्यात केस पांढरे झालेला कुशल मास्टर. मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश असावा. मुलांकडून विकाऊ माल करून घेऊ नये, नाही तर शिक्षणाच्या नावाखाली फुकट मजुरी सुरू होईल. आणि दहावीपर्यंतची शिष्यवृत्ती एका पैशानेही कमी करू नये. उलट नापास झालेल्याला पुन्हा बसण्याची फी ट्रस्टने भरावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकू द्यावे, आणि धंदेशिक्षण व पुस्तकी शिक्षण यांत भिंत नसावी, असे म्हटले आहे. भिंत पाडायला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

पैसा कमी पडेल, हे मला ठाऊक आहे. एका यंत्रापासून आणि वीस मुलांपासून सुरुवात करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तेथे गणित शिकवायला येईन, विनावेतन. शिकविण्याआधी मात्र त्या मागापाशी उभा राहून पीक मोजीन. माझ्या वडिलांनी मला पुस्तक दिले. त्यांच्या हाताची विद्या घ्यायची माझ्याकडून राहिली. आपल्या मुलांचे तसे होऊ नये.