कांदा जाऊ द्या, तेल येऊ देऊ नका



खुल्या व्यापाराबद्दल लोकांचे मत कशाने घडते, हा आपला विषय. स्वागताध्यक्षाने खरे तर जेवणाची वेळ सांगून खाली बसावे. पण नाशिकसारख्या कांद्याच्या जिल्ह्यात हा विषय निघाल्यावर गप्प बसवत नाही.

नव्वदच्या दशकारंभी जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावरून वादळ उठले. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी विरोधात उभे राहिले, आपल्याकडे शरद जोशी बाजूने. दोघेही शेतकऱ्यांचेच नेते. मग हा फरक का? माझ्या मते, १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या आमच्या माणसाला परदेशी कंपनीपेक्षा दिल्लीचा धाक जास्त वाटत होता.

तो धाक गेलेला नाही. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. ही बंदी उठली ४ मे २०२४ला, लोकसभेच्या ऐन मतदानाच्या दिवसांत. (निकालाचे मी काही बोलत नाही, व्यासपीठावर सगळ्या पक्षांची मंडळी आहेत.) शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. शहरातल्या गिऱ्हाइकाला भाव आवाक्यात हवा, हे आम्हालाही कळते. पण कांदाचाळीत माल भरताना जो नियम असतो, तो विकताना असेलच याची खात्री नाही.

द्राक्षाचे उलट. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून युरोपने आमचा माल अडवला, बागायतदारांचे कंबरडे मोडले. तरी बागायतदार निर्यातीवर रुसला नाही. अंश किती चालतो हे एकदा कळल्यावर फवारणी बदलता येते. अधिसूचना रात्रीतून निघाली, तर शेतकऱ्याने काय बदलायचे?

आता आमचीही गोची सांगतो. कांदा बाहेर जाऊ द्या म्हणणारा हाच शेतकरी सोयाबीन हमीभावाखाली गेले की खाद्यतेलाच्या आयातीवर शुल्क वाढवा म्हणतो. त्याला दुटप्पी म्हणण्याची घाई करू नका. दोन्ही वेळा तो आपल्या पिकाचा भाव राखतो आहे. तत्त्वाचे लेबल आपण लावतो.

उद्या सकाळी लासलगाव बाजार समितीत लिलाव पाहायला गाड्या निघतील. ज्यांना प्रश्नावली भरून घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावी, फक्त बोली संपल्यावर. आणि हो, जेवण दीड वाजता आहे.