संगणक जळाला नव्हता

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. दहावी १९९५ची तुकडी)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्या विषयावर माझ्यापेक्षा तुमची मुलं जास्त चांगलं बोलतील. मी आज एक कबुली द्यायला उभी आहे. आपले विज्ञानाचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यामुळे ती आजच दिलेली बरी.

माझ्या उजवीकडे टेबलावर जे बदामी रंगाचं यंत्र दिसतंय, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ओळखलं असेल. प्रयोगशाळेच्या शेजारची ती छोटी खोली आठवा. बाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, आणि मग निळ्या कापडाखाली झाकलेलं ते मशीन लांबून बघायचं. हा आपल्या शाळेचा बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारने १९८४-८५ साली शाळांमध्ये संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यातून हे मशीन आपल्याकडे आलं. बनवणारी कंपनी इंग्लंडमधल्या केंब्रिजची, एकॉर्न. ब्रिटनमध्ये ते १९८१च्या डिसेंबरमध्ये आलं. स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. आज तुम्ही मोबाइलवर जो एक फोटो काढता, त्यात असे शंभर संगणक सहज मावतील.

सर आम्हा काही जणांना शाळा सुटल्यावर तिथे बसू द्यायचे. १९९३चा ऑगस्ट, मी नववीत. बाहेर धो धो पाऊस, लाइट जात-येत होते. मला एकोणतीसचा पाढा कधीच पाठ झाला नाही, म्हणून मी तो संगणकाकडून म्हणून घ्यायचं ठरवलं. चार ओळींचा बेसिकमधला प्रोग्राम. शेवटच्या ओळीत मी हुशारी केली आणि 'गोटू १०' लिहिलं, म्हणजे पाढा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. 'रन' टाइप केलं, रिटर्न दाबलं. पडद्यावर आकडे धावायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. आणि दोन-तीन मिनिटांनी मशीनच्या मागून फट्ट आवाज झाला आणि पांढरा धूर यायला लागला.

तो वास मला अजून आठवतो. सर धावत आले, त्यांनी मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला म्हणाले, "तू घरी जा. कुणाला काही सांगू नकोस, मी बघतो." मी घरी गेले. दोन दिवस ताप. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली: मी त्याला थांबूच दिलं नाही, न थांबणारा पाढा म्हणायला लावला, म्हणून तो दमला आणि जळाला.

त्यानंतर त्या खोलीला कुलूप लागलं. दुरुस्तीवाला मुंबईहून यायचा होता, तो आला नाही. आपल्यानंतरच्या कितीतरी तुकड्यांनी फक्त ते कुलूप पाहिलं.

मी पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झाले. लोक विचारतात, हार्डवेअर का नाही घेतलंस? मी काहीतरी भारदस्त उत्तर द्यायचे. खरं उत्तर असं की सॉफ्टवेअरमधून धूर येत नाही. नोकरीची वीस-बावीस वर्षं मी एकाही मशीनचं झाकण उघडलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी शाळेत आले होते. जुन्या इमारतीतलं सामान भंगारात काढायचं चाललं होतं. कार्यालयात जडवस्तू नोंदवही उघडी होती. मी सहज संगणकाची नोंद शोधली. शेरा असा होता: 'विज्ञान शिक्षकांच्या निष्काळजीपणामुळे जळाला. नादुरुस्त.' खाली सरांचा लेखी खुलासा टाचलेला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की ते स्वतः मशीन हाताळत होते. माझं नाव कुठेच नव्हतं.

सर, तुम्ही हे मला एकतीस वर्षांत कधी सांगितलं नाहीत. आणि मीही कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर कबूल करावं लागलं असतं. त्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला, रीतसर पावती करून मशीन ताब्यात घेतलं आणि कुंभार्ली घाटातून मांडीवर घेऊन पुण्याला नेलं. गाडी नवरा चालवत होता, हे सांगायला नको.

घरी पहिला मोह झाला प्लग लावून बघायचा. तो आवरला. तीस वर्षं बंद असलेलं यंत्र सरळ भिंतीतल्या विजेला जोडू नये, हा या छंदातला पहिला नियम. माझ्या भीतीचा तेवढा एक उपयोग झाला.

झाकणाचे चार स्क्रू, दोन मागे, दोन खाली. प्रत्येकाशेजारी 'फिक्स' असं छापलेलं. आत काय निघालं असेल? कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर, पालीच्या लेंड्या आणि आपल्या गावच्या तीस पावसाळ्यांचा ओलसर वास. डावीकडे पत्र्याची पेटी, तो वीजपुरवठा. ती पेटी काढून मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात गेले आणि विचारत विचारत एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांपर्यंत पोहोचले. मला सोल्डरिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतंच येत होतं.

काकांनी पेटी उघडली, आत एक पिवळसर पारदर्शक तुकडा दाखवला. नखाएवढा, तडकलेला, बाजूला तपकिरी चिकट रस. ते हसले. "ताई, हा कंडेन्सर उडालाय. मशीन कुठे जळलंय?"

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचलं. हा कंडेन्सर विजेच्या दोन तारांच्या मध्ये बसवलेला असतो. त्याचं काम एवढंच की संगणकातला विद्युत गोंगाट घरच्या वायरिंगमध्ये जाऊन शेजारच्या रेडिओत खरखर होऊ नये. त्याच्या आत कागदाच्या पट्ट्या असतात आणि वरून कडक आवरण. वर्षं गेली की आवरणाला बारीक तडे जातात, त्यातून दमट हवा शिरते, कागद ओल धरतो, आणि एक दिवस तो तापून फुटतो. धूर भरपूर, नुकसान जवळपास शून्य. या जातीचे कंडेन्सर जगभरातल्या बीबीसी मायक्रोंमध्ये असेच फुटले आहेत. कोकणातल्या हवेत तो आठ वर्षं टिकला, हेच नवल.

मी काकांना विचारलं, "हा नसता तर मशीन चाललं असतं?" ते म्हणाले, "चाललं असतं की. फार तर फ्यूज गेला असता."

मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी, धूर विरल्यावर, संगणक बहुधा धडधाकट होता. आणि माझ्या 'गोटू'चं काय? इतकी वर्षं हेच शिकून, शिकवून मला एकदाही सुचलं नव्हतं: नुसती रेघ लुकलुकत 'आज्ञा द्या' म्हणून थांबलेला संगणकसुद्धा आतून फिरतच असतो. याचा प्रोसेसर सेकंदाला वीस लाख ठोके घेतो, तुम्ही पाढा म्हणायला लावा किंवा लावू नका. त्याला दम लागत नाही. इंजिनिअर झालेल्या बाईच्या आत नववीतली मुलगी कुलूप लावून बसली होती, एवढंच.

काकांनी नवे फिल्म कंडेन्सर बसवले, सुकलेले इतर कंडेन्सरही बदलले. सगळा माल दोन प्लेट मिसळीच्या किमतीत आला. व्होल्टेज मोजलं, बरोबर पाच. मग घरी आणून जोडलं.

मशीनने एकच सूर धरला, बूऽऽऽ, आणि थांबेचना. याचंही कारण गमतीचं आहे. यातली आवाजाची चिप वीज मिळताच आपण होऊन ओरडू लागते. प्रोसेसर जागा झाला की पहिल्यांदा तिला गप्प करतो. शिक्षक वर्गात येईपर्यंत वर्ग जसा गोंगाट करतो, तसं. आवाज थांबत नाही म्हणजे सर अजून वर्गात आले नाहीत.

मग तीन रविवार गेले. चिपा एकेक करून बेसमधून काढायच्या, पाय साफ करायचे, परत बसवायच्या. मूळ आज्ञावली साठवलेल्या रॉमचा एक पाय गंजला होता. मी काढायला गेले तर तुटूनच हातात आला. यावेळी मात्र रडू आलं नाही. जुन्या रॉमची १६ किलोबाइटची प्रत मिळते. ती आजच्या फ्लॅश चिपवर लिहिली आणि त्याच बेसमध्ये बसवली. स्विच दाबला. बू-बीप! पहिला सूर खालचा, दुसरा वरचा. तुमच्यापैकी ज्यांनी तो ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

बाकीचं भराभर सांगते. मॉनिटर गेलेला होता. एका छोट्या पट्टीवर रास्पबेरी पाय झीरो बसवून संगणकाचे लाल-हिरवे-निळे संकेत एचडीएमआयमध्ये बदलले, म्हणून आज समोरच्या प्रोजेक्टरवर चित्र दिसतंय. आपल्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. सात फ्लॉप्या अल्कोहोलने हलक्या हाताने पुसल्या, दोनच वाचता आल्या. म्हणून आता खालच्या पोर्टला एसडी कार्ड जोडलंय. त्यातल्या एका फाइलमध्ये ५११ फ्लॉप्या मावतात. कीबोर्डची दोन बटणं काँटॅक्ट क्लीनरने सुटली.

त्या रास्पबेरी पायविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यातला प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही तोच वंश. हा प्रोसेसर एकॉर्नमध्येच जन्मला. बीबीसी मायक्रोचं बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनी तो रचला. सोफींनी त्याची पहिली प्रतिकृती बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासली. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली, आणि तीही बीबीसी मायक्रोलाच जोडून. म्हणजे आपल्याकडे निळ्या कापडाखाली जे झाकून ठेवलं होतं, त्याच्यासारख्याच मशीनवर तिकडे कुणीतरी पुढच्या चाळीस वर्षांचा पाया घालत होतं. फरक एवढाच की तिकडे त्याला हात लावायची मुभा होती. आज नातू आजोबांना चश्मा लावून देतोय, असं मला हा पडदा बघून वाटतं.

काल एका मित्राने विचारलं, "इतकं बदललंस, मग हा तोच संगणक का?" त्याला म्हटलं, आपण दर मे महिन्यात घर शाकारतो. फुटकी कौलं बदलतो, कुजलेला वासा काढून नवा घालतो. घर तेच असतं ना? पाट्या, बटणं, प्रोसेसर, 'रिटर्न'चं गुळगुळीत झालेलं बटण, सगळं तेच आहे. काढलेले भाग या डब्यात ठेवलेत. तो फुटका कंडेन्सरही आहे. कार्यक्रमानंतर जरूर बघा, मुलांना दाखवा.

शाळेला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, हे मशीन काचेच्या कपाटात ठेवू नका. मुलांना हात लावू द्या. बिघडलं तर मी येईन, आणि मी नसेन तेव्हासाठी दुरुस्तीची सगळी टिपणं मराठीत लिहून सोबत दिली आहेत. चालणारं यंत्र एका धुराच्या भीतीने तीस वर्षं बंद राहिलं. भंगारात जाता जाता ते वाचलं, तो निव्वळ योगायोग.

दुसरी विनंती नोंदवहीबद्दल. मुख्याध्यापकांनी ती आज इथे आणायला परवानगी दिली, त्यांची मी आभारी आहे. त्या जुन्या शेऱ्याखाली मी माझ्या सहीने एक ओळ लिहू इच्छिते: 'दि. ऑगस्ट १९९३ रोजी संगणक विद्यार्थिनी हाताळत होती. बिघाड एका कंडेन्सरचा, कुणाच्याही चुकीमुळे नाही. दुरुस्त. चालू स्थितीत.'

सर, हा प्रोग्राम मी सकाळी साडेआठला लावला. तेव्हापासून एकोणतीसचा पाढा न थांबता चालू आहे, शेवटच्या ओळीतल्या 'गोटू १०'सकट. धूर आलेला नाही. तुम्ही जरा वर या, आणि तो तुमच्या हाताने थांबवा. डावीकडे वरच्या कोपऱ्यात 'एस्केप'चं बटण आहे.